कामरेज आपल्याला नवे नाही

दांडिया बाजारातील माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरचा वाडा २०१९ साली विकला गेला आणि ताई व भाऊजी मुलाच्या पाठोपाठ कामरेजला राहावयास गेले. त्या वेळी आमच्या नात्यागोत्यात जी हळहळ झाली तेवढी कोणी अमेरिकेस गेला तरी हल्ली होत नाही. "कामरेज? म्हणजे तो हमरस्त्यावरचा चार रस्ता ना, जिथे मुंबईच्या बसमधून सुरतेचे उतारू उतरतात?" असे एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले, आणि लगेच पुस्तीही जोडली, "तिथे आपले असे काय आहे?"

खरे सांगावयाचे तर हा प्रश्न माझ्याही मनात होता. मी संगीत शिक्षक. वडील वयाच्या सतराव्या वर्षी, १९४६ साली, येथील दरबारच्या कलावंत कारखान्यात नोकरीस लागले. तीनच वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, संस्थान विलीन झाले. मी त्यांचे उतारवयातले शेंडेफळ. दरबार मी पाहिला नाही, पण दरबाराचा अभिमान मात्र वारशात पुरेपूर मिळाला. बडोद्याबाहेर, त्यातही सुरतेकडच्या हिरे-कापडाच्या मुलखात, सूर आणि शब्द यांची जाण ती काय असणार, हा त्या अभिमानाचाच एक पोटभाग होता. तो कसा उतरला हे येथे लिहीत आहे. कारण असा अभिमान केवळ माझ्याच घरी आहे असे मला वाटत नाही.

प्रथम वस्ती कशी आहे ते सांगतो. बडोद्याहून निघालेली एस. टी. भरूचला नर्मदा ओलांडते, पुढे कठोर गाव मागे टाकून तापीच्या पुलावर येते आणि पूल संपला की कामरेज. हमरस्त्याला येथे सुरतेकडून वराछा-सरथाण्याचा रस्ता येऊन मिळतो. पूर्वी सुरत आणि कामरेज यांच्यामध्ये शेते होती. आज त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोसायट्यांची दाटी आहे : कोठे पाच-सहा मजली इमारती, कोठे एकाला एक लागून बांधलेल्या घरांच्या रांगा. राहणारे बहुतेक सौराष्ट्रातून आलेले. कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसतो, कोणी भरतकामाची यंत्रे चालवतो, कोणी दुकान मांडून आहे. प्रत्येक गॅलरीत हिंडोळा. रात्री जेवणे झाली की बायका खुर्च्या घेऊन खाली येतात, आणि त्याच सुमारास अमरेली-भावनगरकडे जाणाऱ्या खाजगी बसगाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. दिवाळीला ही वस्ती निम्मी रिकामी होते, कारण 'घर' म्हणावयाचे ते अजून गावाकडचेच.

हमरस्त्यापासून थोडे आत गेले की ऊस लागतो. या तालुक्यात सहकारी साखर कारखाना आहे आणि हंगामात डांग, नंदुरबार, धुळे या बाजूंचे ऊसतोड मजूर बैलगाड्या घेऊन येतात व शेताच्या कडेला पाले ठोकून राहतात. कामरेजमध्ये ताईच्या घराबाहेर मराठीच्या नात्यातले बोलणे मी प्रथम ऐकले ते त्यांच्या तोंडून. भाजीच्या गाडीपाशी एक बाई पोराला अहिराणीत दटावत होती. "तिथे आपले असे काय आहे?" या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. आपली भाषा आपल्या आधीच तेथे पोचली होती. तिला वाड्याची सदर मिळाली नव्हती, एवढेच.

दुसरे उत्तर मला शेजारच्या भिंतीतून मिळाले. ताईकडे पहिल्यांदा मुक्काम केला तेव्हा पहाटे पाचाच्या सुमारास पलीकडच्या घरातून गाणे सुरू झाले. पुरुषाचा जाड, थोडा घोगरा आवाज, मंजिऱ्यांची साथ. गृहस्थ प्रभातिया गात होते. मी अंथरुणातूनच ताईला म्हणालो, "तुझ्या शेजाऱ्यांना कोणी सांगत का नाही? लोक झोपलेले असतात." ताई काही बोलली नाही. मी उठलो, तंबोरा जुळवला आणि सवयीप्रमाणे रियाजास बसलो. काहीसा मुद्दामच, हेही कबूल करतो. भिंतीपलीकडचे गाणे थांबले. दुसऱ्या पहाटे ते सुरूच झाले नाही, तिसऱ्याही नाही. मला वाटले, त्यांना आपली चूक उमगली असावी.

चौथ्या दिवशी जिन्यात ते भेटले. पन्नाशी ओलांडलेले, हिऱ्याच्या घंटीवर काम करणारे. शेजारी त्यांना 'भगत' म्हणतात. मी विचारले, हल्ली गात नाही? तर ते संकोचून म्हणाले, "मास्तर रियाज करता होय त्यारे आपणाथी केम गवाय?"

वाचकहो, गुरूच्या हातचा तंबोऱ्याचा दांडा डोक्यात बसावा तसे मला झाले. दरबारी संगीताचा वारसा सांगणाऱ्याने शेजाऱ्याचे गाणे बंद पाडले होते आणि ज्याचे बंद पडले त्याने त्याला अदब म्हटले होते. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. 'रामसागर' म्हणतात तो सौराष्ट्री तंबोरा त्यांनी काढला आणि तारा जुळवू लागले. षड्ज लागला असे मला वाटल्यावरही ते खुंटी हलकेच फिरवीत राहिले. आणि ती थांबली तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्यांचा कान माझ्याहून एक सूतभर पुढे होता. ज्याचा दिवस हिऱ्याचा पैलू केसभरही न चुकवता घासण्यात जातो, त्याला सुराच्या कडेची जाण असावी यात नवल ते काय? नवल माझ्या आश्चर्याचेच.

मग त्यांनी भजनांची वही दाखवली. कापडात बांधलेली, पिवळी पडलेली, बोरूने लिहिलेली. अक्षर आजोबांचे. गाव कोणते, म्हणून विचारले तर अमरेली तालुक्यातले. अमरेली म्हणजे गायकवाडीच! सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीतच सुरू केला आणि १९०६ मध्ये सक्ती सगळ्या राज्याला लागू केली. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दंड होई. भगतांच्या घरी अजून सांगतात की पणजोबांना असाच दंड झाला होता. दंड भरून भरून कंटाळले तेव्हा त्यांनी मुलाला शाळेत धाडले. तो मुलगा लिहावयास शिकला आणि त्याने लिहिले काय, तर गावात तोंडी चालत आलेली भजने. ती वही घेऊन नातू कामरेजला आला. बडोद्याच्या राजवाड्यातून निघालेला एक हुकूम शंभर वर्षांनी तापीच्या काठी पहाटेचे गाणे होऊन उभा होता, आणि मी म्हणत होतो, लोक झोपलेले असतात!

येथून माझ्या मनात कामरेजचा इतिहास पाहण्याची ओढ उत्पन्न झाली. जे थोडे वाचले त्याने मी आणखी ओशाळलो. कारण कामरेज हे गाव बडोद्याहून फार जुने आहे. जुन्या ताम्रपटांत 'कार्मणेय' या नावाने ते येते. ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात भडोचजवळच्या 'कम्मोनी' गावाचा उल्लेख आहे, तेही कामरेजच, असे काही विद्वान मानतात. २००३ साली येथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले, तेव्हा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील वस्तीचे थर लागले आणि रोमन जगाशी व पश्चिम आशियाशी चाललेल्या समुद्री व्यापाराची साक्ष देणारी कुंभांची खापरेही मिळाली. म्हणजे सुरतेचे नाव कोणी ऐकलेले नव्हते तेव्हा तापीतून वर येणारे तारू कामरेजला लागत होते. परदेशी माल, परदेशी माणसे, परक्या भाषा हे या गावाला दोन हजार वर्षांचे सरावाचे. आज सौराष्ट्रातून, खानदेशातून, उत्तर हिंदुस्थानातून आणि आता दांडिया बाजारातून माणसे येत आहेत, हा त्या जुन्या रीतीचाच पुढचा भाग.

आणि आपला संबंध? तो तर आपल्या राज्याच्या पायातलाच आहे. पिलाजीराव गायकवाडांनी बस्तान बसवले ते प्रथम याच तापीच्या मुलखात, सोनगढच्या किल्ल्यावर. बडोदे कायमचे हाती आले ते त्यानंतर, १७३४ साली. पुढे बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतात कामरेज हा एक तालुका होता. आमच्या आधीच्या पिढ्यांत वहिवाटदार, फौजदार, कारकून, मास्तर असे कितीतरी मराठी लोक नवसारी प्रांतात बदलीवर जात. कामरेजचे नाव घेतल्यावर त्यांच्या घरी कोणी कपाळाला आठ्या घातल्या नसत्या. सरकारी बदलीचे गाव ते आपले गाव, हा त्यांचा हिशेब होता. आपण मात्र वाड्याच्या उंबरठ्यालाच राज्याची हद्द समजून बसलो.

परंतु माझ्यासारख्या गाणाऱ्याला खरी शरम वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. पुलाच्या अलीकडे एस. टी.च्या खिडकीतून जे कठोर गाव मी इतक्या वेळा मागे टाकले, ते भास्करबुवा बखल्यांचे जन्मगाव. १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बुवा तेथे जन्मले. कामरेज तालुक्यातील या गावातून हा मुलगा संस्कृत शिकावयास बडोद्यास आला. विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांपाशी त्याच्या गळ्याला पहिले वळण मिळाले. किर्लोस्कर नाटक मंडळीत तो बालनट झाला. आवाज फुटल्यावर बडोद्याच्या फैज महंमद खाँसाहेबांकडे, मग आग्रा घराण्याच्या नथ्थन खाँसाहेबांकडे आणि शेवटी अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकला. पुण्याचे भारत गायन समाज त्यांनी १९११ साली स्थापन केले. 'स्वयंवर'च्या पदांना चाली त्यांच्या. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव त्यांचे शिष्य. ८ एप्रिल १९२२ रोजी बुवा गेले. ही सगळी माहिती मी वर्गात मुलांकडून पाठ करून घेतो. 'जन्म : कठोर' हे दोन शब्दही त्यात असतात. ते कठोर कोठे आहे, हे वीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही नकाशा उघडला नाही.

आता कोणी म्हणेल, इतिहास झाला, पण आजच्या कामरेजला संस्कृती कोठे आहे? सगळे बाहेरून आलेले, सगळे पैशाच्या मागे. हा आक्षेप मी अनेक सदरांवर ऐकला आहे. त्याला माझे उत्तर असे की आपला दांडिया बाजार, आपला रावपुरा तरी कोणी वसवला? घोड्यावरून आणि घोड्यामागून आलेल्या माणसांनीच. आपले पूर्वज देशावरून नि कोकणातून येथे आले ते गायकवाडांच्या फौजेत आणि फडावर पोट भरते म्हणून. पहिल्या दोन पिढ्या तेही दिवाळीला 'घरी' म्हणून गावाकडेच डोळे लावून बसत असतील. ज्या संगीताचा आपण बडोद्याचे म्हणून अभिमान धरतो ते तरी येथल्या मातीतून उगवले काय? १८८६ च्या गायनशाळेचे प्रमुख मौलाबक्ष उत्तरेकडून म्हैसूरच्या वाटेने आलेले. फैयाज खाँसाहेब आग्र्याचे. १९५० साली त्यांचा देह येथे पडला, म्हणून आपण त्यांना बडोद्याचे म्हणतो. दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या ज्या घराकडे आपण पाहुण्यांना अभिमानाने नेतो, त्या घरात राहिलेले अरविंद घोष बंगालचे. या सर्वांना आपण परके मानले असते तर बडोद्याच्या नावावर काय उरले असते?

फरक एकच होता. आलेल्यांसाठी येथे जागा राखलेल्या होत्या. गायनशाळा होती, जुम्मादादांची व्यायामशाळा होती, १९१० नंतर गावोगाव निघालेली वाचनालये होती. आणि दरबाराने न दिलेली, पण प्रत्येक वाड्याने आपापल्या परीने दिलेली सदर होती. सदरेवर कोणी न बोलावता येऊन बसे. कीर्तन, भजन, गाणे, पत्त्यांचा डाव, भाऊबंदकीचा तंटा, सर्व तेथेच. पेठेला जे वळण लागते ते घरांच्या आतून नव्हे, या सदरा-ओट्यांवरून लागते. कामरेजच्या नव्या वस्तीत घरे आहेत, देवळे आहेत, शिकवण्यांचे वर्ग आहेत. सोसायटीच्या मोकळ्या जागेत लग्नाचा मांडवही पडतो. परंतु तीस-चाळीस माणसांनी, कोणाच्या लग्नाचे निमित्त नसताना, संध्याकाळी बसावे आणि एकाने गावे, दुसऱ्याने ऐकावे, अशी जागा कोणी आखलेली नाही. ती नसली की भगतांचे गाणे भिंतीआड राहते आणि भिंतीपलीकडच्याला तो गोंगाट वाटतो. मला वाटला, तसा.

आणि ही उणीव एकट्या कामरेजची आहे असे समजू नये. दांडिया बाजारातील वाडे एकामागून एक जाऊन तेथे ज्या इमारती उठत आहेत, त्यांत तरी सदर कोठे आहे? वाडा विकताना आपण लाकडी खांबांचा भाव करतो, जुन्या झुंबराचा करतो, सदरेचा करीत नाही, कारण ती कोणाच्या एकाच्या हिश्शाला येत नाही. अशी ती आपल्या डोळ्यांदेखत जात आहे. तेव्हा कामरेजला नाव ठेवण्याआधी आपल्याच पेठेत संध्याकाळी किती ओट्यांवर माणसे बसतात हे मोजून पाहावे. जुने सोडून गेलेले आणि नवे अजून न रुजलेले, दोघेही आज एकाच अडचणीत आहेत.

यावर उपाय काय? मोठमोठी सभागृहे बांधा अशी मागणी मी करणार नाही. सुरतेच्या नगररचनेच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक नव्या सोसायटीत बसण्या-वाचण्याची एक खोली सक्तीची करावी, हे झाले तर उत्तमच. सक्तीतून काय उगवते हे भगतांच्या वहीने दाखवून दिले आहे. पण आपल्या हातचे आधी करावे. बडोद्याची अनेक मराठी घरे आज मुलांच्या नोकऱ्यांमागे सुरत, हजिरा, वापीकडे चालली आहेत. त्यांनी जाताना सदर बरोबर न्यावी. घर दोन खोल्यांचे असो, महिन्यातून एका रविवारी दार उघडे ठेवावे. शेजारी काय गातो हे आधी ऐकावे, मग आपले ऐकवावे. आपल्याजवळ ग्रंथ आहेत, बंदिशी आहेत, सभा चालवण्याची सवय आहे. त्यांच्याजवळ अजून न आटलेला गळा आहे आणि कोणाच्याही दारात निःसंकोच बसण्याची माया आहे. या देवघेवीत कमीपणा आला तर तो आपल्या अढीला येईल, कलेला येणार नाही.

गेल्या वर्षी १७ ऑक्टोबरला आम्ही एक लहानसा प्रयत्न केला. ताईच्या वाड्यातले सदरेवरचे जाजम तिने विकू दिले नव्हते. कामरेजच्या घरात ते माळ्यावर गुंडाळून पडले होते, कारण दिवाणखान्यात ते निम्मेही उलगडत नाही. ते आम्ही इमारतीखाली गाड्या ठेवतात त्या जागी पसरले. स्कूटरी बाहेर काढताना दोघा-तिघांनी कुरकूर केली, ती रीतसर झाली. मग माणसे येऊन बसली. कठोर येथून पुलापलीकडे किती जवळ आहे आणि तेथे कोण जन्मले, हे मी गुजरातीतून सांगितले. पुष्कळांनी ते नाव प्रथमच ऐकले. बडोद्याच्या मराठी मंडळींपैकी तरी किती जणांना ते ठाऊक असेल म्हणून मी मनातच गप्प राहिलो. नंतर मी भीमपलास गायलो आणि माझ्यामागून भगत गायले. तंबोरा मी धरला होता. त्यांचा सूर माझ्या पट्टीहून थोडा खाली होता, म्हणून तारा मी उतरवून घेतल्या.

जाजमाला एका कोपऱ्यात जुना जळका डाग आहे. वाड्यातल्या कोणत्या तरी बैठकीत समई कलंडली होती म्हणतात. त्या डागावर दोन लहान मुली मांडी घालून शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक आता भगतांच्या घरी मंजिऱ्या शिकते आणि मी कामरेजला गेलो की माझ्याकडे अलंकार म्हणावयास येते. तिचे घर अमरेलीचे की खानदेशाचे, हे मी अद्याप विचारलेले नाही. षड्ज मात्र ती चांगला लावते.